नदीवरच्या धुक्याची दोन टोके

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, व्यवसाय धुके विणणे, राहणार विणकर गल्लीतील नदीकडचे शेवटचे घर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुडघे गेले, डाव्या कानाने साथ सोडली, पण डोके शाबूत आहे. शंका असेल त्याने खाली सही केलेल्या डॉक्टरीणबाईंना विचारावे. कोणी धाक घातलेला नाही की गोड बोलून लिहून घेतलेले नाही. माझ्याकडून गोड बोलून काही काढून घेणे माझ्या नवऱ्यालाही जमले नव्हते. याआधीची दोन मृत्युपत्रे मी रागाच्या भरात केली होती. ती रद्द समजावीत.

कलम एक. राहते घर, भांडीकुंडी आणि अंथरूण-पांघरुणासह, माझ्या नणंदेच्या मुलीला द्यावे. ती मला मामी म्हणते, गेली चार वर्षे रोज सकाळी येऊन माझ्याशी वाद घालते आणि वाद घालता घालता औषध पाजते. जिना उतरताना तिसऱ्या पायरीवर तिने जपावे.

कलम दोन. बँकेत जे काही असेल ते कार्यशाळेच्या छपरासाठी खर्च करावे. माझ्या फोटोवर खर्च करू नये.

कलम तीन. मोठा माग. याबद्दल सविस्तर लिहावे लागेल, कारण तो माझ्या एकटीचा कधीच नव्हता.

धुके विणायचे म्हणजे नदीची वाफ ताणा म्हणून मागावर चढवायची आणि आपला श्वास बाणा म्हणून तिच्यात भरायचा. युद्धाआधी आमचे धुके रोपवाटिकांना जाई, उन्हाळ्यात कोवळ्या रोपांवर पांघरायला. कार्यशाळेत आम्ही बरेच शिकाऊ होतो, पण मोठ्या मागाच्या लायकीचे दोघेच. मी अठरा वर्षांची, तो एकोणीसचा. मी त्याला ‘शहाणा’ म्हणे, तो मला ‘घाई’ म्हणे. तो एक ओळ भरेपर्यंत माझा अख्खा पडदा होई. त्याचे धुके इतके दाट की त्यात हात घातला तर बोटे दिसत नसत; माझे लांबरुंद, पण चिमणी आरपार जाई.

माग कोणाला द्यायचा हे ठरवायला थोरल्या मास्तरांनी परीक्षा ठेवली. त्याचा पडदा माझ्याहून सरस होता. मी मागच्या भिंतीची खिडकी बोटभर उघडली, वाऱ्याने त्याचा एक कोपरा उसवला, आणि माग मला मिळाला. हे मी आजवर कागदावर कबूल केलेले नाही. आता करते.

त्याच वसंतात युद्ध आमच्या दारात आले. गावामागच्या टेकड्यांवर शत्रूच्या तोफा लागल्या. सगळे गाव पुलावरून पलीकडे न्यायचे होते आणि पूल तोफांच्या ऐन नजरेत होता. एक कप्तान कार्यशाळेत आला आणि म्हणाला, “पूल दिसेनासा करा.”

थोरले मास्तर आमच्याकडे बघून म्हणाले, “याला दाट येतं, हिला लांब येतं. दोघं मिळून एक कामाचं माणूस होईल.”

एका मागावर दोघे बसले तर श्वास एका लयीत लागतो, नाहीतर वीण फाटते. पहिला दिवस आम्ही नुसते भांडलो.

“जरा हळू. गाडी सुटत नाहीये तुझी.”

“तुझ्या वेगानं गेलो तर युद्ध संपेल आणि पडदा अर्धाच असेल.”

मास्तर मागून ऐकत होते. त्यांच्या लक्षात आले की भांडताना आमचा श्वास बरोबर जुळतो. म्हणाले, “बोलत राहा. थांबलात की उसवतंय.” मग दोन आठवडे आम्ही हुकुमावरून भांडलो. त्याच्या चपला, माझे अक्षर, त्याचे जांभई देणे, काही सोडले नाही. एका दुपारी माझ्याकडचे विषयच संपले. मी गप्प, तोही गप्प. आणि वीण फाटली नाही. दोघांनाही काय ते कळले, आणि दोघेही मान वर न करता विणत राहिलो.

पडद्याची दोन टोके दोन्ही काठांवर कोणीतरी धरायची होती, आणि धरायची म्हणजे श्वास भरत राहायचे. गावाकडच्या टोकावर तोफा जवळ होत्या. तिथे मी थांबणार, असे मी जाहीर केले.

तो म्हणाला, “तिथं दाट हवं. दाट कोण विणतं?”

मी पहिल्या गाड्यांबरोबर पलीकडे गेले.

तीन दिवस, उजाडल्यापासून मावळेपर्यंत, गाव आमच्या धुक्यातून सरकत राहिले. माणसे, गुरे, एका बाईच्या डोक्यावर शिवणयंत्र. श्वासाच्या धाग्यातून त्याचा आवाज मला ऐकू येई, अगदी कानाशी. तिसऱ्या दुपारी तोफगोळे आंधळेपणाने नदीत पडत होते.

“घाई, ऐकतेस?”

“काम कर.”

“खिडकी तू उघडली होतीस.”

माझा श्वास चुकला. “कधी कळलं?”

“त्याच दिवशी. चौकटीचा ओला रंग तुझ्या बोटाला लागला होता.”

“मग बोलला का नाहीस?”

“तुला काढून टाकलं असतं. मग मी भांडणार कोणाशी?”

त्यानंतर आवाज आला नाही. त्याच्या बाजूने धुके विरळ होऊ लागले आणि शेवटच्या गाड्या अजून पुलावर होत्या. मी माझे टोक माझ्याच काठावर असलेल्या मास्तरांच्या हाती दिले आणि गर्दीतून उलटी धावले. तो पहिल्या खांबाशी पडला होता, बोटे अजून ताण्यात. मी तिथेच बसले आणि जन्मात पहिल्यांदा सावकाश, दाट विणले. सगळे पार झाले. शेवटच्या गाडीत त्याला घालून आम्हीही झालो.

तो वाचला. श्वास मात्र तिथेच खर्ची पडला होता. पुढे आयुष्यभर तो फक्त कुजबुजू शकला. युद्ध संपले तेव्हा आम्ही लग्न केले. सेहेचाळीस वर्षे भांडलो, तो कुजबुजत आणि मी मोठ्याने. त्यामुळे शेजाऱ्यांना वाटे की चूक नेहमी माझीच. त्याला जाऊन सहा हिवाळे झाले.

तर हा माग कार्यशाळेचा राहील. त्यावर कायम दोघांना बसवावे. परीक्षा घेऊ नये.

कलम चार. चौकातील दगडावर गाव लपवणारा म्हणून एकट्या कप्तानाचे नाव आहे. दगड राहू द्यावा. मृत्युपत्राने माफी आपोआप होत असेल, तर त्याच्या बाबतीत ती होऊ नये.

कलम पाच. माझी नणंद. वन्सं माझ्याशी बावन्न वर्षे बोललेल्या नाहीत. “माझ्या भावाचा आवाज तू घेतलास,” असे त्या एकदा म्हणाल्या आणि दार लावले. त्यांचा भाऊ लहानपणापासून गात असे, ते त्यांनी ऐकले होते, मी नव्हते. शेवटच्या हिवाळ्यात तो रोज सकाळी चुलीपाशी बसून अगदी बारीक, ओठांतल्या ओठांत एक गाणे म्हणे. बहिणीला झोपवायला लहानपणी स्वतःच रचलेले. कान त्याच्या तोंडाशी नेला तरच ऐकू येई. मी वन्संना निरोप पाठवायला हवा होता. नाही पाठवला. मला ते एकटीला हवे होते.

गाणे मी भाचीला शिकवले आहे. तिने ते आपल्या आईला म्हणून दाखवावे. आवाज चढवू नये. वन्संना ऐकायचे असेल तर त्या जवळ येतील.

भाचीला घर मिळणार असल्याने साक्षीदार म्हणून तिची सही घेतलेली नाही. ती दाराबाहेर बसून रडते आहे, एवढे उजव्या कानाला कळते.

सही: विणकरीण, विणकर गल्ली
साक्षीदार: १. डॉक्टरीणबाई (तपासून, शुद्धीवर असल्याची खात्री करून) २. शेजारचे घड्याळवाले
ठिकाण: राहत्या घराची वरची खोली
दिनांक: हिवाळ्यातला पहिला सोमवार, सकाळी, आकाश स्वच्छ