सशांच्या खोलीतली घोंगडी

मुंबई, पौष शुद्ध पंचमी

सौ. रंभास महिपतीचा आशीर्वाद. आईच्या पायांवर डोकं ठेवतो. पत्र शेजारच्या मुक्ताकडून वाचून घे.

मी बरा हाय. प्रयोगशाळेतलं काम हलकंच, सशांना गवत घालायचं आन् पिंजरे झाडायचे. आईचे गुडघे कसे हायत? सांगोल्यात विहिरीला पाणी हाय का?

तुला कधी लिहिलं न्हाय, पण वर्षभर मला दम लागतोय. मला वाटायचं, समुद्राचा वारा बाधला. परवा डॉक्टरसाहेबांनी माझ्या दंडावर सुईनं दोन ओरखडे काढले. एकावर मेंढीची लोकर भिजवलेलं पाणी लावलं, दुसऱ्यावर सशाचे केस भिजवलेलं. लोकरीचा ओरखडा तसाच राहिला. सशाचा घटकाभरात गांधीलमाशी चावल्यागत फुगला. मेंढरांत वाढलेला मी, आन् एवढ्याशा सशानं माझा दम काढला. लई लाज वाटली.

आता मला बाटल्या धुवायला ठेवलंय. माझी काळजी करू नगं.

पण साहेब म्हणाले, बापाचा दमा कधीकधी लेकरात उतरतो. तवापासून चित्त थाऱ्यावर न्हाय. मी वर्षभर सशांच्या खोलीत निजताना जी घोंगडी पांघरली, तीच बाळासाठी गावाकडं निघालेल्या इलाहीबक्षाबरोबर धाडली. आपल्या घरात बापाची घोंगडी न धुताच लेकराला देत्यात, म्हणून झाडलीसुदीक न्हाय.

तवा आदी ऊठ आन् ती पाळण्यातनं काढ. मग बाळाच्या छातीला कान लावून बघ. जे ऐकू येईल ते खरं लिही. मी लपवलं, तसं तू लपवू नगं.

महिपती