न पेरलेले राळे

पाथर्डी,
रविवार, १४ डिसेंबर २०२५

चि. सौ. सविता हिस,
वैजनाथ मास्तरचा आशीर्वाद. पारनेरला तुम्ही सगळे सुखरूप असाल असे धरून चालतो. जावईबापूंना नमस्कार सांग.

इकडे थंडी बरी आहे. निम्मं गाव कोयते घेऊन कारखान्यांवर गेलंय. मागे राहिलो आम्ही म्हातारे, शेळ्या आणि शाळेतली पोरं. दुपारी गल्लीत इतकं शांत असतं की शाळेतली कविता माझ्या ओट्यापर्यंत ऐकू येते. हल्ली चालीवर म्हणत नाहीत, नुसती वाचतात. मला राहवत नाही. मी इथे बसून चाल लावतो. शेजारचा कारभारी म्हणतो, "मास्तर, रिटायर होऊन पंधरा वर्सं झाली. आता तरी शाळा सुटू द्या की." गुडघा दुखतो, पण चालतो. तुरीला शेंगा चांगल्या आहेत.

मागच्या आठवड्यात तुझ्या पंकजाचा व्हिडिओ कॉल आला होता, हे तिने तुला सांगितलं असेल. तोंडात प्लास्टिकचे दोन सुळे घालून बसली होती. म्हणाली, "आजोबा, मी व्हॅम्पायर आहे." मी म्हटलं, "दात घासलेस का?" तर हिरमुसली. कॉलेजात तिला या रक्तपिपासू भुतांवर बोलायचंय म्हणे. जुन्या काळी त्या परदेशातल्या खेड्यांत तो एक फुगलेला, लालबुंद मुडदा असायचा. आणि आता मोबाईलवरच्या सिरीजमध्ये तो गोरा, देखणा, काळा कोट घातलेला तरुण झालाय. शंभर वर्षं जगून अजून कॉलेजातच आहे, आणि पोरी त्याच्यावर जीव टाकतात. मी म्हटलं, "शंभर वर्षं एकाच वर्गात? मग आमच्या चौथीतला सुनील बरा, तीन वर्षांत सुटला." खूप हसली. तिचं हसणं ऐकलं की मला एक जुना आवाज ऐकल्यासारखं होतं. ते असो.

मग तिने सहज विचारलं, "आजोबा, तिकडे म्हणे त्या मुडद्याच्या वाटेवर बारीक दाणे टाकायचे. तो एकेक दाणा मोजत बसायचा आणि तेवढ्यात उजाडायचं. आपल्याकडे होतं का असलं काही?"

मी म्हणालो, "नव्हतं, बाळा."

खोटं बोललो. त्या रात्री ठरवलं की पंकजाला नाही, आधी तुला लिहायचं.

ऑक्टोबरात रतनमावशीच्या तेराव्याला तू मला हौदापाशी गाठलंस. जिला तू जन्मभर आई म्हणालीस ती गेली होती, तुझे डोळे सुजलेले होते. तू विचारलंस, "मास्तर, मी पोरगी झाले म्हणूनच दिलंत ना मला?" मी माझ्या चपलांकडे पाहिलं आणि म्हणालो, "माझी एसटी निघेल." तू म्हणालीस, "उत्तर असेल तर माझ्या दारात या. नसेल तर येऊ नका." दोन महिने झाले. रोज कागद घेतो, रोज तुरीच्या शेंगांपर्यंत येऊन थांबतो. आज पुढे जातो.

तुझी आई लंका. गावातली पोरं चिडवायची, "मास्तरची सोन्याची लंका!" ती म्हणायची, "सोनं कुटंय? गळ्यात काळी पोत हाय नुसती." शाळेत ती कधी गेली नाही. पण आमचं घर शाळेला लागून होतं, त्यामुळे मी शिकवलेल्या साऱ्या कविता तिला भिंतीआडून पाठ झाल्या होत्या. संध्याकाळी भाकरी थापता थापता म्हणायची आणि मध्येच थांबून मला टोचायची, "मास्तर, तुमच्या कवितेत समदी फुलं-पाखरंच हायेत. भाकर कुनाच्याच घरात न्हाई का?" मी सत्तावीस वर्षांचा होतो, ती बावीसची. संसाराच्या त्या दोन वर्षांत मी जितका सुखी होतो तितकं सुख एका माणसाच्या वाट्याला येऊ नये.

तू झालीस ती याच महिन्यात, एकोणऐंशी साली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तिचे आईबाप उसावर गेलेले. म्हणून इथेच. पहाटे तू आलीस. सुईण म्हणाली, समदं बेस झालं. दुपारपासून रक्त थांबेना. तू सिस्टर आहेस, रोज बाळंतिणी पाहतेस. यापुढचं तुला कळतं. जीप मिळाली ती दुसऱ्या दिवशी, आणि तीही वेळ गेल्यावर. दोन गोधड्या भिजल्या होत्या.

आता ते दाण्यांचं. आपल्याकडे होतं, सविता. बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते, लेकराच्या ओढीने परत घरी येते आणि त्याचंच रक्त पिते, असं लोक मानत. म्हणून तिला पोचवून परतताना शेवटच्या माणसाने स्मशानापासून दारापर्यंत राळे पेरत यायचं. राळे म्हणजे मोहरीसारखं बारीक पिवळं धान्य. ते वेचत, मोजत ती वाटेतच अडकते. आणि वर उंबऱ्यात लोखंडी खिळा ठोकायचा. जिच्या अंगात रक्ताचा थेंब उरला नव्हता, तिलाच आम्ही रक्त पिणारी ठरवली.

माझे चुलते सहादेव नाना यांनी राळ्याची पिशवी माझ्या हातात दिली. म्हणाले, "वैजू, तू शिकलेला हायेस, मला ठावं हाय. पर लेकरासाठी कर." मी मान हलवली. सगळ्यांच्या मागे राहिलो. आणि ओढ्यापाशी आल्यावर सगळे राळे वाळूत एका जागी ओतले. उंबऱ्यात खिळाही ठोकला नाही. नानांना ठोकला म्हणून सांगितलं.

हे वाचून तुला वाटेल, मास्तर सुधारक होते, त्यांचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. लोकांना कळलं असतं तर लोकांनाही तेच वाटलं असतं. पण खरं उलटं आहे. माझा विश्वास होता. सगळ्या गावापेक्षा जास्त होता. म्हणूनच मी राळे टाकले नाहीत. तिने यावं असं मला वाटत होतं.

आणि ती येतेय, अशी माझी खात्री झाली. माझ्या आईला तेव्हा धड दिसत नव्हतं. तिने तुला बकरीचं दूध पाजायला घेतलं. निखळ दूध लेकराला जड जातं म्हणून निम्मं पाणी घालायची. तू पहिले तीन-चार दिवस गल्ली डोक्यावर घेतलीस. मग दुपारी एक वेळ अशी यायला लागली की तू गप्प व्हायचीस आणि झोळी आपोआप हलायची. दार उघडं होतं, वारा होता. पण मला वाटायचं, ती आली, तिने हात लावला, पोर शांत झाली. मी झोळीपाशी बसून तिच्या आवडीच्या कविता चालीवर म्हणायचो. तुझा रंग उतरत चालला होता, तेही मला दिसत होतं. लोक सांगतात तसं ती तुझं रक्त पीत असेल, हेही मनात आलं. तरी मी दार लावलं नाही.

आठ-दहा दिवसांचं पोर रडायचं का थांबतं, हे तुला मी सांगायला नको.

अकराव्या दिवशी कर्जतहून रतनमावशी आली. तिला निरोपच उशिरा पोचला होता. आली ती बहिणीसाठी रडायचं सोडून आधी झोळीपाशी गेली. तुझं तोंड पाहिलं आणि मला म्हणाली, "मास्तर, पोरीच्या तोंडावर रंग न्हाई. राळं टाकलं हुतं का?"

"नाही."

"का न्हाई?"

"ती घरची आहे, आक्का. घरच्या माणसाची वाट कुणी बंद करतं का?"

ती म्हणाली, "माझी पाठची भन हाय ती. मला जड जात न्हाई व्हय? पन पोर जगली पायजे. मी आनते राळं, आत्ताच्या आत्ता टाका."

"मी नाही टाकणार."

"मग ही हितं न्हाई राहनार."

मी म्हणालो, "ने."

एवढंच. तिने तुला पदरात घेतलं आणि उंबऱ्यात उभी राहिली. बराच वेळ उभी होती. मी 'थांब' म्हणेन याची ती वाट पाहत होती, हे मला तेव्हाही कळत होतं. मी मान वर केली नाही. तुझ्या आईची यायची वेळ झाली होती.

नगरला दवाखान्यात नेल्यावर डॉक्टर तिच्यावर ओरडले, "कसली हडळ घेऊन बसलात? पोर उपाशी आहे." तुला रक्त चढवावं लागलं. ते रतनमावशीचं होतं. तुला तिने हे कधी सांगितलं नसणार. मला तिने चैत्रात सांगितलं, मी कर्जतला गेलो तेव्हा. आणि तू गेल्यानंतर इकडे काय झालं, तर काहीच झालं नाही. दार उघडं ठेवून मी महिनाभर दुपारी बसलो. कोणी आलं नाही. झोळी हलली नाही, कारण झोळीचं लुगडं रतनमावशीने तुझ्याबरोबरच नेलं होतं.

त्या चैत्रात तुला परत आणता आलं असतं. तू रतनमावशीच्या मांडीवर हसत होतीस आणि माझ्याकडे दिली की रडायचीस. तेवढं कारण मला पुरलं. मी निघालो तेव्हा ती म्हणाली, "लोक इचारत्यात, बाप का ठेवून घेत न्हाई. मी सांगितलं, त्याला पोरगी नको हुती. ते लोकांना लगेच पटतं. हडळीची लेक म्हनलं तर हिला उद्या कोन करून घेईल? तुमच्या नावाला बट्टा लागतोय, तेवढा सोसा." मी सोसतो म्हणालो. आणि वर्षानुवर्षं सोसताना मला हळूहळू वाटायला लागलं की मी फार मोठा त्याग केलाय. कवितेतल्या माणसासारखा. तेराव्याला तू विचारलंस तेव्हाही मनात पहिलं हेच आलं, की बोलायचं नाही, सोसायचं. पण तो त्याग नव्हता. खरं लपवायला ती जागा सोयीची होती, इतकंच.

तर तुझं उत्तर. नाही सविता, तू पोरगी झालीस म्हणून नाही. मुलगा असता तरी मी 'ने' म्हणालो असतो. माझ्यापुढे एक जिवंत होती आणि एक गेलेली. जिवंत असलेली भुकेने रडत होती, आणि मी गेलेलीसाठी दार उघडं ठेवून बसलो. बापाला पोरगी नको होती, हे ऐकत तू मोठी झालीस. त्यापेक्षा हे कमी वाईट आहे का, मला ठरवता येत नाही. मी रतनमावशीला शब्द दिला होता, तो तिच्याबरोबर संपला असं मी धरतो.

पंकजाला काय सांगायचं ते तू ठरव. राळ्याचं सांगायला हरकत नाही.

अजून एक आहे. हे मी रतनमावशीलाही सांगितलं नव्हतं. त्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुझी आई शुद्धीवर होती. तिच्या कुशीत तू होतीस आणि जीव खाऊन रडत होतीस. माझी आई तुला उचलून बाहेर न्यायला लागली, तर तुझ्या आईने तिचा हात धरला. आवाज अगदी बारीक झाला होता. म्हणाली, "लई जोरात रडती. रडू द्या. हिला कुनी गप करू नका."

त्यानंतर ती माझ्याशी काही बोलली नाही. तिचं शेवटचं बोलणं तुझ्याबद्दलचं होतं. मी ते शेचाळीस वर्षं माझंच म्हणून जपून ठेवलं. आज ज्याचं त्याला पोचतं करतोय.

उत्तराची वाट पाहत नाही. पत्राच्या शेवटी 'तुझा' म्हणून खाली नातं लिहायचं असतं, असं मी पस्तीस वर्षं मुलांना शिकवलं. इथे मला तो शब्द लिहिता येत नाही. जे होतो तेवढंच लिहितो.

लंकाचा नवरा,
वैजनाथ