डॉगवूडला बांधलेले सहा दोरे

बाबा, मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की हरणांनी तुम्ही लावलेलं डॉगवूड, ते लाल काड्यांचं झुडूप, खाल्लं आणि मग ते सगळं हिरवंच फुटलं. ते खरं नाही. हरणं येतात, कोवळे शेंडे खातात, पण पानांच्या पांढऱ्या कडा काही त्यांनी नेलेल्या नाहीत. तुम्ही गेलात त्याच्या पुढच्याच वसंतात बुंध्याशी एक फांदी पूर्ण हिरव्या पानांची आली होती. मी ती पाहिली. ती काय आहे हे मला कळत होतं, कारण ते तुम्हीच शिकवलं होतं. तरी मी ती राहू दिली. तेव्हा मी सतरा वर्षांची होते, आता अठ्ठावीस. जे पत्र कुठेच जाणार नाही त्यातही आपण खोटं लिहिलं, याने मला गेले काही दिवस धड काही सुचत नाही. म्हणून आधी ही दुरुस्ती.

शाळेत जायच्या आधी मला बाराखडी आणि पाढे तुम्ही या घरातल्या डायनिंग टेबलवर शिकवलेत, आणि झाडं बॅकयार्डात. त्यातला एक धडा मला अजून घाबरवतो. मी नऊ वर्षांची आहे. तुम्ही ऑफिसात आहात. मला वाटतं, डॉगवूडच्या पानांच्या कडा पांढऱ्या पडल्यात म्हणजे झाड आजारी आहे. मी आईची स्वयंपाकघरातली कात्री घेते, सगळ्या पांढऱ्या कडांच्या फांद्या कापते आणि मधली एकच तरतरीत हिरवी फांदी ठेवते. संध्याकाळी तुम्ही बॅग खांद्यावर तशीच ठेवून मागच्या दारात उभे राहता. "हे कोणी केलं?" "मी. त्या आजारी होत्या." "कोणाला विचारलंस?" मी कात्री पाठीमागे लपवते. "न विचारता उपचार करतेस होय? मोठी डॉक्टरीणबाई!" मग माझा चेहरा बघून तुम्ही खाली बसता. "हिरवी फांदी वाईट नसते गं. पांढऱ्या भागात अन्न तयार होत नाही, हिरव्यात होतं. म्हणून ती दुप्पट वाढते आणि बाकीच्यांचं ऊन खाते. जोर दिसला म्हणजे तब्येत चांगली, असं नसतं. ती दिसली की बुंध्यातून काढायची." पुढच्या वर्षी झाड पुन्हा फुटलं, पांढऱ्या कडांसकट. माझा हात मात्र तेव्हापासून कात्रीला बिचकतो.

छाटणी तुमचीच असायची. बर्फ वितळलं की पाडव्याच्या आधीच्या रविवारी तुम्ही जुन्या, करड्या पडलेल्या काड्या जमिनीलगत कापायचात, कारण लाल रंग फक्त नव्या काड्यांना येतो. त्यातली एखादी उंच लाल काडी ठेवून द्यायचात, गुढीसाठी. ओहायोत वेळू कुठून आणायचा, म्हणायचात. आई म्हणायची, "लाल काठीची गुढी! शेजाऱ्यांना वाटेल, यांनी ख्रिसमस अजून उतरवला नाही." पण कापत असताना ती कधी बाहेर यायची नाही, आणि खिडकीतही बसायची नाही.

तुम्ही गेल्यावर त्या वर्षी गुढी उभारली नाही. पुढच्या वर्षीपासून पडद्याचा रॉड वापरायला लागलो. छाटणीचं कोणी नावच काढलं नाही. आणि आईने देवाचं निर्माल्य डॉगवूडच्या बुंध्याशी ठेवायला सुरुवात केली. इथे जवळ नदी नाही आणि देवाची फुलं गार्बेजमध्ये टाकवत नाहीत. जिथे निर्माल्य पडतं तिथे लोखंड लावायचं नाही, असं आमच्यात कोणी बोललं नाही, पण ठरून गेलं. हिरव्या फांद्या वाढत गेल्या. आई चहा घेऊन खिडकीशी बसायची आणि म्हणायची, "बघ कसं जोमात आहे. माणूस गेला, पण त्याचा हात राहिला." जे वाढतंय ते तुम्ही लावलेलं नाहीच, उलट तुम्ही लावलेलं तेच संपवतंय, हे मी तिला कसं सांगणार होते? अकरा वर्षं मी "हो ना" म्हणत आले.

गेल्या सप्टेंबरात मी मोजलं. पंचवीस-तीस काड्यांमध्ये पांढऱ्या कडांच्या फक्त पाच उरल्या होत्या. हिरव्या तेव्हाच, पानं असताना कापायला हव्या होत्या. धीर झाला नाही. पानं गळली की सगळ्या काड्या सारख्याच दिसतात आणि नऊ वर्षांच्या मुलीची चूक पुन्हा होऊ शकते, म्हणून मी त्या पाच काड्यांना पिवळ्या लोकरीचे दोरे बांधून ठेवले. गेल्या आठवड्यात बर्फ वितळलं. मी बाहेर जाऊन पाहिलं तर दोरे सहा होते. तीनदा मोजले. सहाच.

"आई, डॉगवूडला दोरा तू बांधलास?"

"एकच. तुझे पाहिले, म्हटलं पोरीने नवस बोललाय, विचारू नये. तुझ्या बास्केटमधलीच लोकर घेतली आणि माझाही एक बांधला."

"कुठल्या काडीला?"

"आता ते कुठलं आठवायला? थंडी काय होती! हात पोचला तिथे. का गं, तुझ्या रांगेत माझा नवस चालत नाही?" ती हसली. मला हसता आलं नाही.

"काय मागितलंस?"

"सांगायचं नसतं." मग कपातल्या चहाकडे बघत म्हणाली, "हे झाड असंच वाढत राहू दे. एवढंच."

तेव्हापासून नीट झोप नाही. कोणती काडी खोटी, याची भीती आता फारशी उरलेली नाही. दोरा असलेल्या सहाही ठेवेन, मे महिन्यात पानं फुटली की सहावी कोणती ते आपोआप दिसेल. भीती याची आहे की मला तिच्या नवसावरच कात्री चालवायची आहे. पंचवीस-तीसमधल्या सहा काड्या उरतील, खिडकीतून समोरचं कुंपण दिसेल. त्या सहाही जगल्या नाहीत तर? आणि ती म्हणाली की इतकी वर्षं तुला माहीत होतं, तर? थांबले तर पुढच्या वर्षी पाचही नसतील, एवढंच मला माहीत आहे.

कात्रीला धार लावून ठेवली आहे. आणि हेही सांगून टाकते, बाबा: या आठवड्यात मी दोनदा मनात म्हटलं, हरणांनी खरंच यावं आणि सगळं खाऊन जावं, म्हणजे मला काही सांगावं लागणार नाही.

हरणं आली नाहीत. पाडवा पुढच्या गुरुवारी आहे. मी आईला कोट घालायला सांगून बाहेर नेईन, निर्माल्य तिच्याच हाताने बाजूला करवीन, आधी सगळं सांगेन आणि मगच कापेन. पाडव्याच्या आधीच्या रविवारी, सकाळी दहा वाजता.