तळमजल्याचं ऊन

१२ मार्च २०२४, मंगळवार

संपादकांचा पुन्हा फोन. दिवाळी अंकाला लेख हवाच आहे – ‘वीस वर्षांतला चीन, तुमच्या डोळ्यांनी.’ पहिलं वाक्य लिहिलं: मी हूचौला आले तेव्हा भाजीवाली तागडीनं तोलून रोख पैसे घ्यायची, आता फोन पुढं करते. खोडलं. आठ दिवसांच्या सहलीला आलेला माणूसही हेच लिहील. वीस वर्षं राहून मला वेगळं काय दिसलं?

जिन्यात ताओ ताई भेटल्या. आमच्या इमारतीच्या प्रमुख, वय बासष्ट, आवाज गिरणीच्या भोंग्याचा. म्हणाल्या, “वेईबाई, लिफ्ट येतेय. सरकार खर्चाला हातभार लावतंय. आता फक्त बारा घरांच्या सह्या.” (वैजयंती इथं कुणाच्याच जिभेवर बसलं नाही. कॉलेजात शिकवते म्हणून बाई, आणि नावातलं उरलं ते वेई.)

१५ मार्च, शुक्रवार

यान आजींकडे जाऊन आले. सहावा मजला, सगळ्यात वरचा (इथं तळमजल्यालाच पहिला म्हणतात). वय एक्क्याऐंशी. गुडघे गेले आणि डिसेंबरपासून त्या खाली उतरलेल्या नाहीत. खिडकीतून दोरीनं टोपली सोडतात. तळमजल्याचे पांग काका तीत पालेभाजी, टोफू, कधी वाफाळता पाव ठेवतात आणि दोरीला दोन हिसके देतात.

“असा हिसका देतो, जशी मीच टोपलीत बसलेय,” आजी म्हणाल्या.

दोघंही जुन्या रेशीम गिरणीतले. आजी उकळत्या पाण्यातल्या कोशांचे धागे काढायच्या. बोटांची टोकं इतकी गुळगुळीत झालीत की नातीनं दिलेल्या फोनला त्यांचा ठसाच कळत नाही. पांग काका बॉयलरवर होते. गिरणी गेली, तिनं दिलेली घरं राहिली.

विचारलं, लिफ्ट आली की आधी कुठं जाल?

“समोर जेवायला. बालवाडी बंद झाली ना? पोरं नाहीत म्हणून. आता तिथं म्हाताऱ्यांना जेवण देतात म्हणे. माझी नात तिथंच शिकली. मी गेले नाही तर तेही बंद करतील.”

२३ मार्च, शनिवार

अकरा सह्या झाल्या. राहिलेत फक्त पांग काका. लिफ्टचा मनोरा नेमका त्यांच्या खिडकीपुढं येणार. कायद्यानं अकरा पुरतात, पण समोरचा माणूस आडवा झाला तर कंत्राटदार कुदळ मारत नाही.

काका नाही म्हणालेले नाहीत. “बघू,” म्हणालेत. इथल्या ‘बघू’मध्ये किती ऐसपैस जागा असते हे शिकायला मला दहा वर्षं लागली. ताओ ताईंना खात्री आहे, पूर्वजांचा सण झाला की ते आपणहून सही करतील.

ताईंनी माझ्यासमोर लाल कागद आणि कुंचला ठेवला. सह्या झाल्याचा फलक फाटकाशी लावायचाय. “तुम्हीच लिहा. तुमचं अक्षर आमच्यापेक्षा चांगलं आहे. सांगायला लाज वाटते, पण आहे.”

दुपारभर बसून लिहिला. खूश होते. आता वाटतंय, नको इतकी खूश होते. माझ्या घराची सहीदेखील घरमालकाची. मी भाडेकरू.

२५ मार्च, सोमवार

घाण करून ठेवली.

मी कागदावर बारा चौकोन आखले होते. अकरांत नावं, एक कोरा – तळमजला, डावीकडचं घर. चित्र खरं असावं म्हणून. ताओ ताईंनी काल सकाळी चष्म्याशिवायच तो डकवला. आज चष्मा घालून पाहिला आणि धावत वर आल्या.

“अहो बाई, लाल कागदावर होकार देणाऱ्यांचीच नावं घालतात. राहिलेल्याची जागा कुणी आखून दाखवतं का? भर फाटकात?”

वीस वर्षं असे कागद भिंतींवर वाचतेय. कोरी जागा कधी दिसली नाही. ती का दिसत नाही, हेही कधी मनात आलं नाही. आपल्याला इथलं सगळं कळतं असं मी ज्या सहजतेनं लोकांना सांगते, ती आठवून कानशिलं तापली.

कागद काढला. पण काल अख्खा दिवस तो तिथं होता. पांग काका भाजीला जाताना आणि येताना, दोनदा त्याच्यासमोरून गेले असणार.

आज टोपली रिकामीच वर गेली.

२६ मार्च, मंगळवार

टोपली आजही रिकामी. आजींना मीच भाजी नेऊन दिली. “भांडलात का त्याच्याशी?” म्हणाल्या. मी नाही म्हटलं. ते खरं होतं, आणि पुरेसं नव्हतं.

४ एप्रिल, गुरुवार

पूर्वजांच्या थडग्यांची झाडलोट. इमारत ओस. पांग काका घरीच असतात, काकूंना सोडून जाता येत नाही. मी सणाचे हिरव्या पिठाचे गोड गोळे घेऊन त्यांच्याकडे गेले. माफी मागितली. त्यांनी चहा ओतला, गोळे उघडून पाहिले, परत झाकले.

“सत्त्याण्णव साली गिरणीच्या फळ्यावर यादी लागली. कामावरून कमी केलेल्यांची. एकवीस वर्षं बॉयलर सांभाळला, फळ्यावर नाव एकदाच आलं, ते त्या यादीत.” मग माझा कप पुढं सरकवत, “पण तेव्हा निदान नाव लिहिलं होतं.”



काकू खिडकीजवळच्या पलंगावर. तीन वर्षांपूर्वी झटका आला, बोलणं गेलं. एक शब्द उरलाय. खिडकीतून उन्हाची पट्टी येते, भिंतीवरून सरकत सरकत कपाटाच्या कडेला लागते. ती लागली, आणि काकू स्पष्ट म्हणाल्या, “भात.”

काका लगेच उठले, तांदूळ धुतले. “हिच्या हातात घरातलं एवढंच काम राहिलंय,” ते म्हणाले. “मनोरा उभा करून ते कसं काढून घेऊ?”

सहीचं मी काहीच बोलले नाही. सहाव्या मजल्यावर जाऊन आजींना मात्र सगळं सांगितलं, पट्टीसकट. सांगायला नको होतं का? एकाचं दुखणं दुसऱ्याच्या घरी पोचवणं ही मदत, की चहाडी?

५ एप्रिल, शुक्रवार

टोपली भरून वर गेली. पण हिसका एकच.

७ एप्रिल, रविवार

लेखाला बसले. आजींची नात शांघायला विमानांची इंजिनं तपासते. आजींना जिना उतरता येत नाही. यातलं कुठलं वाक्य आधी लिहू? पहिलं आधी घेतलं तर तक्रार होते, दुसरं आधी घेतलं तर जाहिरात. दोन्ही खरं आहे आणि एकाच घरातलं आहे. आजींना विचारलं, पूर्वीपेक्षा बरं आहे ना? माझ्याकडं वेड्यासारखं बघत म्हणाल्या, “मी कोशातला किडा खाऊन दिवस काढलेत, बाई. बरं आहे म्हणजे काय! पण म्हणून मी वर बसून राहू?”

२० एप्रिल, शनिवार

सकाळी आठ. आजी खिडकीतून खाली ओरडल्या. सगळ्या इमारतीनं ऐकलं.

“ए पांग! मेलास का?”

“अजून नाही. तू?”

“घर बदलतोस का? माझ्याकडं दिवसभर ऊन आहे, मला काय करायचंय त्याचं? मला दार पाहिजे, दार!”

खालून भांडं आपटल्याचा आवाज. मग: “तुझं स्वयंपाकघर घाण असतं.”

“घासून देते!”

मी चौथ्या मजल्यावर दात घासत होते. बेसिन धरून उभी राहिले.

११ मे, शनिवार

झालं. कागदपत्रं तशीच, फक्त किल्ल्या बदलल्या. काकूंना वेताच्या खुर्चीत बसवून चौघांनी वर नेलं. प्रत्येक मजल्यावर थांबा, प्रत्येक दारातून कुणीतरी पाणी विचारलं. त्याच खुर्चीतून आजी खाली आल्या. नवं घर बघायलाही थांबल्या नाहीत, काठी टेकत थेट समोर जेवायला.

“खुर्च्या बालवाडीच्याच ठेवल्यात! बसले खरी. उठवायला तिघं लागले.”

वर खोलीभर ऊन. काकू दिवसात सात वेळा “भात” म्हणाल्या. काकांनी दोनदा लावला.

ताओ ताई तेवढ्या गप्प. लिफ्ट आता कशासाठी मागायची? पाचव्या मजल्यावरच्यांना ती हवीच होती, ते त्यांच्याशी बोलत नाहीत.

मी लिफ्ट, लिफ्ट करत बसले. एकाला ऊन हवं होतं, एकीला दार. कुणी विचारलंच नव्हतं, मीही नाही. लेख एका बैठकीत उतरला. शेवट किल्ल्यांच्या अदलाबदलीवर. संपादक म्हणाले, छान, माणुसकीवर संपवलात!

१८ जुलै, गुरुवार

आता टोपली पांग काका सोडतात, भरतात आजी. आज जिन्यात काका तिसऱ्या मजल्यावर कठड्याला टेकून उभे. मला बघून चपलेतला खडा काढायला वाकले. खडा नव्हता.

२९ सप्टेंबर, रविवार

पांग काका लाल कागद घेऊन आले. काकूंना तपासणीला न्यायचं तर चार माणसं गोळा करावी लागतात, आणि त्यांचे स्वतःचे गुडघेही गेले. “या वेळी चौकोन आखू नका, वेईबाई.”

अकरा नावं लिहिली. पहिलं त्यांचं. राहिल्यात आता यान आजी. कोरी जागा कुठंच नाही.

फाटकाशी डकवला. यान आजी आपल्या खिडकीखालच्या उन्हात गोधडी पसरून बसल्या होत्या. उठल्या, कागद शेवटपर्यंत वाचला. “अक्षर सुधारलंय,” म्हणाल्या. मग परत जाऊन गोधडीची दुसरी बाजू उन्हाला केली.

“बघू.”

लेख छापायला गेलाय.