सादड्याची साल आणि आतलं अस्तर

माय, तू जिचा काढा करायचीस त्या सादड्याच्या, म्हणजे अर्जुनाच्या, सालीने गुरुवारी रक्तवाहिनी सैल केली. माझ्या डोळ्यांसमोर, काचेच्या भांड्यात.

मी धुळ्याच्या कॉलेजात औषधशास्त्र शिकवते आणि या वयात पीएचडी करते आहे. तू गेल्यावर घेतलं हे. उंदराच्या छातीतली मोठी रक्तवाहिनी कापून तिची बारीक कडी करायची, कोमट खारट पाण्यात दोन आकड्यांमध्ये अडकवायची, आधी औषधाने आवळायची आणि मग सालीचा अर्क सोडायचा. कडी सैल पडली तर संगणकावरची रेघ खाली येते. चार महिने ती खाली आलीच नाही. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणायची, "मॅडम, त्या सालीचा चहा तरी करा, आपण पिऊ." शेवटी मार्गदर्शक सर म्हणाले, "शुक्रवारपर्यंत बघा. नाहीतर 'परिणाम नाही' लिहून विषय बंद करू."

गुरुवारी कडी धुताना चिमट्याचं टोक आत फिरवून रक्ताचा शेवटचा ठिपका काढत होते, आणि एकदम आपलं जामनेरचं स्वयंपाकघर. मी नऊ वर्षांची, सुरीने साल साफ करते आहे, वरून आणि आतूनही. तू हातावर चापट मारतेस. "मझारथीन खरडू नको वं. कामनं तेच शे." आतून खरवडू नको, कामाचं तेच आहे.

हात थांबला. रक्तवाहिनीलाही आतून पेशींचं नाजूक अस्तर असतं, आणि स्वच्छतेच्या हौसेपायी मी दर वेळी तेच खरवडत होते. दुसरी कडी नुसती पाण्यात हलवून घेतली. अर्क सोडला आणि रेघ उतरू लागली, उतरतच राहिली. सर चष्मा पुसून म्हणाले, "पुन्हा करा." पुन्हा केलं, तीनदा. मग मुद्दाम एका कडीचं अस्तर खरवडलं, तर रेघ ढिम्म. म्हणजे साल आधी त्या अस्तराला जागं करते; अस्तर एक वायू सोडतं आणि त्याने भोवतालचा स्नायू सैलावतो. माझ्या चार महिन्यांच्या बिघडलेल्या कड्यांनीच वाट दाखवली. भांड्यातली कडी म्हणजे माणूस नव्हे; बीपीच्या गोळ्या सोडा असं मी कुणाला सांगणार नाही. पण विषय बंद होत नाही, माय. मैत्रिणीने खरंच चहा आणला, साधा.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून खरं ते लिहिते. सरांनी विचारलं, "हे सुचलं कसं तुम्हाला?" मी म्हणाले, "वाचनात आलं होतं." तुला तर अक्षरओळखही नव्हती.