न वाजणारी डबी

मंगळवार, दिवेलागणीची वेळ

एचआयव्हीच्या गोळ्या आम्हा नवरा-बायकोला पंधरा दिवसांमागं एकाच दिवशी मिळाल्या. माझी डबी खुळखुळते, यांची वाजतच नाय. गच्च भरलेली. विचारलं तर म्हणाले, "क्रांती चौकातल्या एकानं थेंब दिलेत. अंगातच पेप्टाइड म्हणून प्रथिनाचा बारका तुकडा असतंय, तेच विषाणू मारतंय. थेंबांनी ते वाढतंय."

अंगात असतंय हे गोळ्या देणाऱ्या सेंटरच्या ताईनंही सांगितलं होतं. पण तेवढ्यानं भागलं असतं तर आपल्याला लागण झालीच कशी? असं म्हणल्यावर म्हणाले, "दोनच दिवस चुकले." दोन दिवस चुकून डबी अशी गच्च राहते व्हय?

उद्या सेंटरवर नेणारच. आज समोर उभी राहून गोळी दिली. पाणी प्याले, "गिळली" म्हणाले. मी जीभ वर करायला लावली.

गोळी तिथंच होती.