शिंपीबाबांना विचारलं तेव्हा

२ मार्च
ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझ्याकडून शिकलेल्या स्पॅनिशने आज माझी चांगलीच फजिती केली. आमच्या हाडांच्या वॉर्डात एक म्हातारे शिंपी आहेत, परदेशातून मुलीकडे राहायला आलेले, खुब्याचं ऑपरेशन झालेले. स्पॅनिशखेरीज दुसरी भाषा येत नाही. मी व्यायामाला उठवायला गेले की भिंतीकडे तोंड करतात. डॉक्टर म्हणाले, त्यांची मनःस्थिती त्यांच्याच भाषेत कागदावर लिही, मुलीलाही कळेल. मी लिहिलं, ‘एस त्रिस्ते’, उदास आहेत. ते वाचून मुलीचा चेहराच उतरला. माझे बाबा तसे नाहीत, म्हणाली. मी माफी मागून मोकळी झाले. कशाची, ते तू कळव.

काका गेल्यापासून तू फार गप्प झालीस, असं आई म्हणते. वेळेवर जेवतेस ना?

तुझी,
चिमणी

५ मार्च
चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

अगं, ‘एस’ लिहून तू त्या भल्या माणसाला जन्माचा रडका ठरवलंस! आपलं ‘आहे’ कायमच्या स्वभावाला आणि आजच्या मनाला दोन्हीकडे चालतं, त्यांचं नाही. सध्यापुरतं मन तसं असेल तर ‘एस्ता’. इतकी वर्षं शिकवलं ते पाण्यात गेलं म्हणायचं. पण ते उदास आहेत हे तरी तुला कोणी सांगितलं? शब्द आपण निवडू नये. ‘कोमो एस्ता’, कसे आहात, एवढं विचार आणि घड्याळाकडे न बघता बस.

मी बरी आहे. आईला सांग, उगाच जीव टांगणीला लावू नकोस.

माया आहेच, ती वाढू दे.
मावशी

११ मार्च
ती. मावशीस,
सा. न.

विचारलं. बराच वेळ ते चादरीची शिवण चाचपत राहिले. मग हळूच म्हणाले, “एस्तोय अवेर्गोन्सादो.” मला लाज वाटते. रोज मुलगी आंघोळ घालते. जिला फ्रॉक शिवून वाढवलं, तिच्यापुढे उघडं व्हायचं, त्यापेक्षा पडून राहिलेलं बरं.

आंघोळीचं काम मी वॉर्डातल्या पुरुष मदतनीसाला सांगितलं. शिंपीबाबांना विचारून मुलीलाही कारण सांगितलं, तर ती व्हरांड्यात उभी राहून रडली. बाबा आपल्यावर रागावलेत, असंच ती धरून बसली होती. काल तिचा हात धरून ते खिडकीपर्यंत चालले. नऊ पावलं!

मावशी, बरी आहे म्हणजे काय गं? तुझा शब्द तूच सांग.

तुझीच,
चिमणी

१५ मार्च
चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोन दिवस उशीखाली होतं. मराठीत लिहायचा धीर होईना, म्हणून आधी त्या भाषेत लिहिते. ‘एस्तोय एनोखादा.’ मी रागावले आहे. तुझ्या काकांना आपला आजार सहा महिने ठाऊक होता. मला काळजी नको म्हणून सांगितलं नाही. ते सहा महिने मी त्यांच्याशी पडद्यांच्या रंगावरून भांडत होते. भेटायला येणाऱ्यांना दुःखी बाई बघायची असते, म्हणून मी तोंड मिटून बसते.

आईला मीच सांगेन. तू रविवारी सवडीने ये. मला बोलायचंय, आणि बहुतेक थोडं ओरडायचंही आहे.

वाट बघणारी,
मावशी